तारे यांचे लंबन

आपण निलंबित झाल्याची बातमी तारे सरांनी मला स्वतःच दिली, आणि तीही शेंगदाण्यांची पुडी पुढे करत.

मधली सुट्टी होती. मी शिक्षकांच्या खोलीत नववीच्या वह्या तपासत बसलो होतो. तारे सर समोरच्या बाकावर बसले, शेंगदाणे माझ्याकडे सरकवले आणि खिशातून चौपदरी घडी घातलेला कागद काढला.

"दिवटे, तुमचे डोळे तरुण आहेत. हे काय लिहिलंय बघा बरं. मला वाचता येतंय, पण पटत नाहीये."

कागदावर आमच्या शिक्षणसंस्थेचा जांभळा शिक्का होता. विषय: श्री. वि. गो. तारे यांचे निलंबन. खाली मजकूर असा की, संदर्भीय पत्रान्वये मागितलेली परवानगी वरच्या कचेरीकडून प्राप्त झाली असल्याने श्री. तारे यांस आजपासून सेवेतून निलंबित करण्यात येत आहे. कारण: संदर्भीय पत्रात नमूद केल्याप्रमाणे.

"संदर्भीय पत्र कुठलं, सर?"

"तेच तर कळत नाही. एकोणतीस वर्षांत मी कुणाला मोठ्यानं ओरडलो नाही हो. एकदा ओरडलो, पण त्यानं भारताचा नकाशा उलटा टांगला होता."

हे खरं होतं. तारे सर भूगोल शिकवत आणि मुलं त्यांना अजिबात घाबरत नसत. गावात त्यांचा एकही शत्रू नव्हता. तरीही त्यांच्यात एक दोष होता: ते सेवाज्येष्ठतेत पहिले होते. हेडमास्तर कवठेकर सर फेब्रुवारीअखेर निवृत्त होणार होते आणि नियमानं ती खुर्ची तारे सरांकडे यायला हवी होती. त्यांना खुर्चीची हौस नव्हती. त्यांना भूगोलाची खोली परत हवी होती. संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब हिंगमिरे यांनी त्या खोलीत आपल्या दुकानातली खताची पोती ठेवली होती, त्याला सहा वर्षं झाली होती. पृथ्वीचे तीन गोल आणि झाडून सगळे नकाशे पोत्यांच्या मागे होते. हेडमास्तर झालो की पहिल्या दिवशी पोती बाहेर काढीन, असं तारे सर शिक्षकांच्या खोलीत मोकळेपणानं बोलून गेले होते. भूगोलाच्या माणसाला आपण कुठल्या प्रदेशात राहतो याचं भान हवं होतं.

मी पत्राचा संदर्भ पुन्हा वाचला. दिनांक १७ जानेवारी. ती तारीख मला ओळखीची वाटली. मग लक्षात आलं की १७ जानेवारीला ऑफिसात अर्ज मी दिला होता. हातातला शेंगदाणा मी परत पुडीत ठेवला.

"सर, मी जरा आष्टेकरांकडे जाऊन येतो," मी म्हणालो.

इथं माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, बी.एस्सी. बी.एड., विज्ञानाचा शिक्षक. नोकरीला दीड वर्ष झालं होतं आणि जूनमध्ये दोन वर्षं भरली की संस्था मला कायम करणार होती, किंवा नव्हती. आडनाव दिवटे. पुढे मी काय दिवे लावले ते कळेलच.

तर अर्ज. अठ्ठावीस फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला मुलांना काहीतरी खरंखुरं करून दाखवावं असं माझ्या डोक्यात आलं. ताऱ्यांची अंतरं कशी मोजतात, हे पुस्तकातल्या धड्यात अर्ध्या पानात उरकलं होतं. मी ठरवलं की मैदानाच्या मधोमध एक काठी रोवायची, अलीकडच्या कडेच्या दोन टोकांना दोन मुलं उभी करायची, दोघांनी काठी मागच्या डोंगराच्या कुठल्या झाडासमोर दिसते ते बघायचं, कोन मोजायचे आणि काठीपर्यंत टेप न नेता ती किती अंतरावर आहे ते काढायचं. आपण जागा बदलली की जवळची वस्तू लांबच्या वस्तूंपुढे सरकल्यासारखी दिसते. त्या सरकण्याला लंबन म्हणतात आणि ताऱ्यांपर्यंत पोचणारी माणसाची पहिली मोजपट्टी तीच. एवढ्यासाठी मैदान हवं होतं म्हणून अर्ज केला, आणि अर्ज आष्टेकर क्लार्कच्या हाती पडला.

आष्टेकर शाळेतले एकमेव टंकलेखक होते आणि शुद्धलेखनाचे अभिमानी. मी १७ जानेवारीची फाइल मागितल्यावर त्यांनी ती एका झटक्यात काढली. खाली माझा हस्तलिखित अर्ज होता:

'विषय: विज्ञान दिनानिमित्त ताऱ्यांचे लंबन, परवानगी मिळणेबाबत. इयत्ता नववी अ च्या विद्यार्थ्यांना शाळेच्या मैदानावर ताऱ्यांचे लंबन प्रत्यक्ष करून दाखवण्याचा मानस आहे.'

त्यावर टाचणीनं लावलेली टंकलिखित प्रत:

'विषय: विज्ञान दिनानिमित्त श्री. तारे यांचे निलंबन, परवानगी मिळणेबाबत. इयत्ता नववी अ च्या विद्यार्थ्यांसमोर शाळेच्या मैदानावर श्री. तारे यांचे निलंबन प्रत्यक्ष करून दाखवण्याचा मानस आहे.'

मी ते दोनदा वाचलं.

"आष्टेकर, हे काय केलंत?"

"काय म्हणजे? शुद्ध करून दिलं." त्यांना माझा सूर आवडला नाही. "तुम्ही 'ताऱ्यांचे' असं लिहिलं होतं. एवढा सीनियर माणूस, आणि त्यांचं नाव असं धेडगुजरी जोडून टाकायचं? 'श्री. तारे यांचे' असं लिहावं लागतं. माणूस निलंबित होत असला म्हणून मान राखायचा नाही का?"

"आणि 'नि' कुठून आला?"

"तो तुमच्याकडून राहिला होता. लंबन असा शब्द नसतो, दिवटे सर. मी एकवीस वर्षं पत्रव्यवहार करतोय. निलंबन असतं, विलंबन असतं. एकदा एका अवलंबनाचा अर्जही आला होता. नुसतं लंबन कधी आलेलं नाही."

"अहो, लंबन म्हणजे पॅरलॅक्स!"

"ते इंग्रजीत असेल. आपला कारभार मराठीत चालतो."

"पण नववी अ च्या मुलांसमोर मैदानावर निलंबन करून दाखवतात का कुणी?"

"मलाही ते जरा कडक वाटलं होतं," आष्टेकर म्हणाले. "पण म्हटलं, शिस्तीचा प्रश्न असेल. नव्या लोकांच्या नव्या कल्पना असतात."

फाइलमध्ये वरच्या कचेरीचं उत्तरही होतं. परवानगी देण्यात येत आहे, मात्र कार्यक्रमानंतर मैदान पूर्ववत स्वच्छ करून देण्यात यावे. परवानगी नऊ दिवसांत आली होती. याच कचेरीनं आमच्या नव्या फळ्याला तीन वर्षं लावली होती, तेव्हा वेगावरूनच कुणाला तरी शंका यायला हवी होती. आली नाही, किंवा ज्याला आली त्याला ती गोड लागली.

मी हेडमास्तरांकडे गेलो. कवठेकर सर डबा खात होते. त्यांनी दोन्ही कागद लांब धरून वाचले आणि घास थांबवला.

"यावर माझी सही आहे?"

"हो, सर."

"असेल. त्या दिवशी बऱ्याच केल्या." त्यांनी चष्मा काढला. "चूक आहे हो ही. सरळ सरळ चूक आहे."

"मग एक पत्र काढू या, सर. नजरचुकीनं झालं म्हणून."

"काढू या ना. पण तात्यासाहेबांना कोण सांगणार?"

"आपण सांगा, सर."

"दिवटे, माझे बावीस दिवस राहिलेत," असं म्हणून त्यांनी पुन्हा घास घेतला. मी बाहेर पडलो.

तात्यासाहेब हिंगमिरे खताच्या दुकानात गादीवर बसलेले असत आणि संस्थेचा सगळा कारभार तिथूनच चाले. त्यांचा डावा डोळा काचबिंदूनं गेला होता. ते गडद चष्मा लावत. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीही त्याबद्दल कधी बोलत नसे. 'माणूस मी एका नजरेत ओळखतो' हे त्यांचं आवडतं वाक्य होतं आणि ते ऐकताना हसू दाबण्याची कला आमच्या संस्थेत नोकरीला लागल्यावर पहिल्या महिन्यात शिकावी लागे.

मी सगळं सांगितलं. तारे आणि तारे, लंबन आणि निलंबन. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे चूक झाली म्हणता?"

"हो, साहेब. टायपिंगची."

"मग वरच्या हापिसानं परवानगी दिली ती काय उगंच दिली का वो? तिथं काय येडी बसल्यात?"

या प्रश्नाचं खरं उत्तर देण्यासारखं नव्हतं.

"दिवटे, संस्था न्यायानं चालती. चूक असंल तर दुरुस्त करू. पन तुमी म्हनता तसं लंबन म्हणून काय असतं, ह्ये आमाला कळाय नको? शनिवारी शाळा सुटल्यावर समिती बसवतो. समितीपुढं लंबन शिद्ध करा. शिद्ध झालं की तारे मास्तर सोमवारी हजर." मग त्यांनी चष्मा सारखा केला. "आन जूनमधी तुमचं दोन वर्सं भरत्यात, न्हवं?"

"हो, साहेब."

"ध्यानात हाय आमच्या. बिराजदारबी तुमचं नाव घेत हुते."

बिराजदार म्हणजे आमच्याच शाळेतले इतिहासाचे शिक्षक, सेवाज्येष्ठतेत चौथे आणि तात्यासाहेबांचे सख्खे मेहुणे. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या शिक्षकांनी आपल्याला हेडमास्तर व्हायचं नाही असं आधीच लिहून दिलं होतं. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. एकट्या तारे सरांकडून तसं लिहून घ्यायचं राहिलं होतं.

पण मला त्या दिवशी यातलं काही दिसलं नाही. मी सायकलवर शीळ घालत परत आलो. सिद्ध करायचं आहे ना, मग भीती कसली? काठी, दोन मुलं, एक कोनमापक. जगातल्या कुठल्याही समितीला पटेल इतकं सोपं होतं ते. मी सव्वीस वर्षांचा होतो हे मघाशी सांगितलंच.

शुक्रवारी दुपारी मी तारे सरांच्या घरी गेलो. निलंबित माणूस दुपारी घरी काय करतो याची मला उत्सुकता होती. ते ओसरीवर बसून मुलांचे जुने हातानं काढलेले नकाशे डिंकानं चिकटवत होते.

"या, दिवटे. बरं झालं आलात. मला ते लंबन नीट समजावून द्या. माझं निलंबन ज्यापायी झालं ते काय आहे, एवढं तरी मला कळायला नको का?"

मी म्हणालो, "हात लांब करा, सर. अंगठा उभा धरा. आता डावा डोळा मिटा आणि अंगठा समोरच्या कुठल्या वस्तूपुढे येतो ते बघा."

"तुळशीपुढे."

"आता अंगठा न हलवता उजवा मिटा, डावा उघडा."

तारे सर एकदम ताठ बसले. "अरे! मोरीपाशी गेला!" त्यांनी चार-पाच वेळा डोळे आलटूनपालटून मिचकावले. छप्पन्न वर्षांचा माणूस, पण नववीतल्या मुलासारखा हसत होता. "अंगठा जागचा हलला नाही, आणि तरी हलला. आणि किती हलला त्यावरून तो किती लांब आहे ते काढता येतं?"

"येतं. वस्तू जितकी लांब तितकी कमी सरकते."

"मग तारे तर फार लांब. ते कसे सरकणार? आपल्या दोन डोळ्यांत अंतर ते केवढं!"

"म्हणून दुसरा डोळा सहा महिन्यांनी उघडायचा, सर. पृथ्वी तोवर सूर्याच्या पलीकडे गेलेली असते. जानेवारीत एकदा बघायचं, जुलैत एकदा. तीस कोटी किलोमीटर बाजूला सरकून."

"आणि तेव्हा सरकतात?"

"जवळचे सरकतात, पण अगदी किंचित. सगळ्यात जवळच्या ताऱ्यासाठी जो कोन येतो, तो सहा-सात किलोमीटरवर ठेवलेलं रुपयाचं नाणं दिसेल एवढा. त्यावरून त्याचं अंतर काढलं तर उजेडाला तिथून यायला सव्वाचार वर्षं लागतात असं निघतं."

"आणि जे त्याहून लांब, मुळीच सरकत नाहीत ते?"

"त्यांचं उजेडावरून. काही तारे मुळात किती तेजस्वी आहेत हे कळायची खूण सापडलीय. मग इथून किती मिणमिणते दिसतात ते बघायचं आणि अंतर काढायचं. पण त्या खुणेची खात्री कशावरून करायची? जवळच्यांवरून, म्हणजे पुन्हा लंबनच. ही पहिली पायरी चुकली तर वरचं सगळं चुकलं."

मग तारे सरांनी भूगोलाच्या शिक्षकाला शोभेल असा प्रश्न विचारला.

"दिवटे, आणि एखाद्याला एकच डोळा असला, तर त्याला हे दिसायचंच नाही?"

"दिसतं की. त्यानं डोळा बदलण्याऐवजी जागा बदलायची. दोन पावलं बाजूला सरकायचं. पृथ्वीला तरी कुठे दोन डोळे आहेत?"

"वा!" तारे सर म्हणाले. त्यांनी मला चहा पाजला आणि दारापर्यंत सोडायला आले. उद्याची त्यांना काळजी नव्हती. मलाही नव्हती.

शनिवारी साडेबाराला हेडमास्तरांच्या खोलीत समिती बसली. मधल्या खुर्चीत तात्यासाहेब. उजवीकडे संस्थेचे उपाध्यक्ष डॉक्टर शेटे, गावातले एकमेव एम.बी.बी.एस. डावीकडे कवठेकर सर. कोपऱ्यात आष्टेकर इतिवृत्ताची वही घेऊन. तारे सर भिंतीशी स्टुलावर, इस्त्रीचा सदरा घालून.

मी म्हणालो, "मैदानावर काठी रोवून ठेवली आहे, साहेब. दहा मिनिटांचं काम आहे."

"उन्हात?" तात्यासाहेबांनी विचारलं. "हितंच काय ते दावा."

आणि मी, पदार्थविज्ञानाचा पदवीधर, उत्साहात बोलून गेलो, "मग आणखी सोपं, साहेब. सगळ्यांनी अंगठा समोर धरा."

समितीनं अंगठे धरले. तात्यासाहेबांनीही धरला.

"आता डावा डोळा मिटून अंगठा कशासमोर दिसतो ते बघा. मग डावा उघडा आणि उजवा मिटा. अंगठा हललेला दिसेल."

वाक्य पूर्ण झालं आणि मी काय बोलून बसलो ते माझ्या लक्षात आलं. तात्यासाहेबांनी चष्म्यामागचा उजवा डोळा मिटला. अर्थातच त्यांना काहीच दिसलं नाही. त्यांनी तो पुन्हा उघडला. अंगठा होता तिथेच होता.

"आमचा काय हलंना," तात्यासाहेब म्हणाले. मग सावकाश डॉक्टरांकडे वळले. "डाक्टर, तुमचा?"

डॉक्टर शेटे शिकलेले गृहस्थ. खोटं बोलणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी दोन्ही डोळे घट्ट मिटले, अंगठा समोर धरला आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "मला तरी काही हलताना दिसत नाही."

"हेडमास्तर?"

"माझा जरा..." कवठेकर सरांनी सुरुवात केली. "नाही. वयामुळे हात थरथरला असेल. अंगठा हलत नाही."

"आष्टेकर?"

"मी इतिवृत्त लिहितोय, साहेब. माझा अंगठा कामात आहे."

तात्यासाहेबांनी मान डोलावली आणि आष्टेकर लिहायला वाकले. तेवढ्यात स्टुलावरून आवाज आला.

"साहेब, माझा हलतो."

तारे सर अंगठा धरून बसले होते आणि डोळे मिचकावत होते. त्यांच्या चेहऱ्यावर कालचाच आनंद होता.

"तुमचा हलणारच की वो," तात्यासाहेब म्हणाले. "तुमचंच परकरन हाय."

"तसं नाही, साहेब." तारे सर उठून उभे राहिले. त्यांना शिकवायची सवय होती. कुणाला एखादी गोष्ट कळली नाही, की ते ती पुन्हा, दुसऱ्या रीतीनं समजावत. "दोन्ही डोळे लागतातच असं नाही. एका डोळ्यानंही दिसतं. फक्त जागा सोडावी लागते. आपण खुर्चीवरून जरा उठून दोन पावलं इकडे सरकलात ना, की आपल्यालाही लगेच दिसेल."

मी कवठेकर सरांकडे पाहिलं. ते टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत होते. डॉक्टरांनी डोळे अजून उघडले नव्हते. वीस वर्षांत जे गावात कुणी उच्चारलं नव्हतं ते तारे सरांनी एका दमात उच्चारलं होतं, वर खुर्ची सोडायला सांगितलं होतं, आणि हे सगळं केवळ समोरच्या माणसाला लंबन कळावं म्हणून. त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं हे मी शपथेवर सांगतो.

तात्यासाहेब खुर्चीवरून उठले नाहीत. त्यांनी तोंड माझ्याकडे फिरवलं.

"दिवटे, आमी अडाणी मान्सं. तारे मास्तर भूगोलाचं. हितं सायन्स शिकलेलं तुमी एकलंच. समिती तुमच्या शब्दावर चालंल. धरा अंगठा."

मी अंगठा धरला. डावा डोळा मिटला. अंगठा तारे सरांच्या कपाळासमोर होता. उजवा मिटला. अंगठा कपाटाच्या कडीवर गेला. पुन्हा एकदा केलं. कपाळ, कडी. इतकं स्वच्छ लंबन मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"काय, हलला का?"

माझ्या डोळ्यांपुढे जून महिना होता. घरी आई होती, आणि बहिणीला बघायला येणारी माणसं 'भाऊ कायम आहे का' असं सगळ्यात आधी विचारत. ही कारणं मी पुढे पुष्कळ वेळा स्वतःला सांगितली आहेत, म्हणून इथेही सांगतो. खरं म्हणजे मी घाबरलो. एवढंच झालं.

"नाही हलत, साहेब," मी म्हणालो.

तारे सर खाली बसले.

आष्टेकरांनी इतिवृत्त मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांचं अक्षर सुंदर होतं आणि मराठी निर्दोष. 'ठराव क्रमांक एक: समितीने प्रत्यक्ष पाहणी केली असता अंगठा हलत नसल्याचे बहुमताने आढळून आले. सबब लंबन सिद्ध होत नाही. सबब मूळ अर्ज निलंबनाचाच होता असे मानण्यास जागा आहे. सबब श्री. तारे यांचे निलंबन कायम. ठराव क्रमांक दोन: श्री. दिवटे यांनी समितीस केलेले शास्त्रीय सहकार्य पाहता त्यांना मुदत संपताच सेवेत कायम करण्यात यावे.' एकाच पानावर दोन 'कायम' आल्याबद्दल आष्टेकर थोडे नाराज होते, पण दुसरा शब्द सुचेना. खाली सगळ्यांनी सह्या केल्या. मीही केली.

पुढचं थोडक्यात सांगून टाकतो. एक मार्चला बिराजदार हेडमास्तर झाले. चार मार्चला तारे सरांचं निलंबन मागे घेतलं गेलं, कारण: सहानुभूतीपूर्वक विचार करून. वरच्या कचेरीत दाद मागा असं मी त्यांना एकदाही सुचवलं नाही, कारण साक्षीला मलाच जावं लागलं असतं. दोन वर्षांनी ते साधे शिक्षक म्हणून निवृत्त झाले. पोती होती तिथेच राहिली. मी कायम झालो, बहिणीचं लग्न झालं आणि बिराजदारांनंतर कालांतरानं हेडमास्तरही मीच झालो. गेल्या वर्षी निवृत्त झालो तेव्हा सत्काराच्या भाषणात माझ्या वैज्ञानिक दृष्टिकोनाचा तीन जणांनी उल्लेख केला.

पण त्या शनिवारी समिती उठल्यावर मी मागच्या दारानं निघालो होतो, आणि तारे सरांची सायकल नेमकी त्याच बाजूला लावलेली होती. गाठ टळली नाही. ते रागावतील, निदान तोंड फिरवतील, अशी माझी अपेक्षा होती. तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. ते माझ्याकडे काळजीनं बघत होते.

"सर, मी..." मी म्हणालो.

"असू द्या हो, दिवटे. माझं काय, दोन वर्षांनी निघायचंच आहे." त्यांनी सायकल स्टँडवरून काढली आणि थोडे घुटमळले. "मी वेगळ्याच विचारात आहे. सोमवारी तिसरा तास नववी अ चा, तुमचा. तोच धडा आहे ना? मग मुलांना काय सांगणार? हलतो, की नाही?"

त्यांनी हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. ते थोडा वेळ थांबले आणि मग सायकलवर बसून गेले.

सोमवारी तिसऱ्या तासाला मी नववी अ मध्ये गेलो. फळ्यावर धड्याचं नाव लिहिलं. बावन्न मुलं वह्या उघडून बसली होती. मी म्हणालो, "हा धडा सोपा आहे, घरी वाचून या," आणि पुढचा धडा काढायला सांगितला.

त्यानंतर एकतीस वर्षं मी नववीला विज्ञान शिकवलं. हेडमास्तर झाल्यावरही तो एक तास मी सोडला नाही. पुस्तकं तीनदा बदलली. तो धडा दर वर्षी मुलांनी घरीच वाचला.